शिंगराच्या तोंडावरचं हसू

वसुंधराअक्कांचं नाव पहिल्या ओळीत लिहिते, बाकी सगळं त्यांच्यानंतर. त्यांनी मला कामावर घेतलं नसतं तर मी अजून बेंगळुरूजवळच्या बोम्मसंद्राच्या कपड्यांच्या कारखान्यात कॉलरवर खडूच्या रेघा मारत असते. त्या कामाला मी नावं ठेवत नाही, पण त्या रेघा हलत नाहीत. नववीत शाळा सुटलेली, जिंतूरहून नवऱ्याच्या मागे इथे आलेली, बसमध्ये कंडक्टरनं काही विचारलं तरी घाम फुटणारी बाई मी. मला अक्कांनी कार्टून काढायला शिकवलं. उपकार म्हटलं की त्या चिडतात. "उपकार बिपकार काय गं, काम होतं, माणूस पाहिजे होतं, सरी, संपलं," म्हणून विषय तोडतात. सरी म्हणजे कन्नडात 'ठीक'. इथे कागदावर त्यांना मला तोडता येणार नाही, म्हणून लिहून टाकते.

आपल्या मंडळाच्या दिवाळी अंकासाठी संपादकबाईंचा फोन आला तेव्हा त्या म्हणाल्या, "तुम्ही कार्टूनमध्ये ना? मग हलकंफुलकं द्या काहीतरी, पडद्यामागच्या गमतीजमती." गमती देते. पण आधीच सांगते, मी रागात आहे. मला राग आला की आधी पोटात गोळा येतो, मग वाटतं आपलंच काही चुकलं असेल, मग वाटतं आता कामावरून काढतील. बहुतेक वेळा एवढ्यात राग विरून जातो. या वेळी गोळा आला, भीती आली, आणि राग तसाच राहिला. अजून आहे.

आधी आमचं काम काय ते सांगते, कारण गावाकडे सगळ्यांना वाटतं कार्टून संगणक काढतो. माझी जाऊ विचारते, "मग तू नुसती बटणं दाबतीस का?" तर तसं नाही. हालचाल म्हणजे चित्रांची रांग. एक मुलगी आंब्याकडे हात नेते असं दाखवायचं असेल तर मुख्य चित्रकार दोनच चित्रं काढतो, एक हात खाली असलेलं, एक आंब्याला लागलेलं. त्या दोघांच्या मधली चित्रं काढायला वेगळी माणसं असतात. त्यातली मी एक. पूर्वी खाली दिवा असलेल्या काचेच्या टेबलावर कागदावर कागद ठेवून काढायचो, आता पडद्यावर पेनने काढतो. मधली चित्रं सारख्या अंतरावर काढली तर हात यंत्रासारखा जातो. शेवटी शेवटी दाटीनं काढली तर हात हळू पोहोचतो, जणू मुलीला भीती आहे कुणी बघेल. आंबा तोच, हात तोच. मुलगी चोरून घेतेय की हक्कानं, ते मधल्या चित्रांवर ठरतं. आमची नावं मात्र शेवटी इतकी बारीक येतात की तोवर टीव्ही बंद झालेला असतो.

मी तिथे पोहोचले ती अशी. तेव्हाच्या आमच्या वठारातली, म्हणजे चाळीतली, एक बाई स्टुडिओत झाडू मारायची. ती म्हणाली, तिथे हात न थरथरणारी माणसं हवीत. माझा जीव थरथरतो, हात नाही. म्हणून गेले. समोर वसुंधराअक्का. त्यांचे आजोबा कधीकाळी बेंगळुरूला आले, वडील इथल्या सरकारी कारखान्यात लागले, आणि घरातलं मराठी तेव्हापासून कन्नडात भिजत राहिलं. त्यांनी विचारलं, "दहावीचा कागद?"

"नाही."

"बरं. हंडा उचललायस कधी?"

"रोज उचलते."

"मग भरलेला हंडा ओट्यावर ठेवणारी बाई काढ. मग रिकामा ठेवणारी. हंडा दोन्हीकडे एकच. पाणी दाखवायचं नाही."

मी काढलं. भरलेल्या हंड्याच्या बाईचे गुडघे आधी वाकतात आणि ती श्वास धरते, म्हणून मी तिची मान आखडून काढली. अक्कांनी कागद बघितले, चष्मा काढला, परत लावला. "उद्यापासून ये. डबा घेऊन ये हं, इथलं सांबार गोड असतं, तुला चालायचं नाही." झाली मुलाखत.

आता अक्कांच्या शनिवारची गोष्ट, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. आमच्या स्टुडिओत एक पद्धत होती, अक्कांनी पाडलेली. कुठलंही काम पुरं होत आलं की शनिवारी सकाळी सगळ्यांनी आपापली मुलं आणायची. इमारतीच्या वॉचमनची, समोरच्या बेकरीवाल्याचीही यायची. मुलांना जमिनीवर बसवून ते कार्टून लावायचं. आणि आम्ही मोठ्यांनी पडद्याकडे पाठ करून, मुलांकडे तोंड करून बसायचं. बोलायचं नाही, हसायचं नाही. नुसती मुलांची तोंडं बघायची. पहिल्यांदा मला ते फार विचित्र वाटलं. मग कळायला लागलं. पोरानं पाणी मागितलं की समजायचं सीन लांबलाय. हात तोंडाकडे गेला की समजायचं जमलंय, हलवू नका. पडदा आपल्याला खोटं सांगतो, कारण आपण तो काढलाय. पोरांची तोंडं आपण काढलेली नसतात.

एक गंमत इथेच देऊन टाकते, म्हणजे संपादकबाईंचं समाधान होईल. एकदा डेंग्यूच्या जाहिरातीचं काम आलं. देणारे म्हणाले, डासाची मुलांना भीती वाटली पाहिजे. आम्ही डास काढला, लांब सोंडेचा, खुनशी. ते म्हणाले, अहो, इतका नको, थोडा क्यूट करा. डोळे मोठे केले. म्हणाले, अजून. शेवटी तो डास असा गोंडस झाला की त्याला मांडीवर घ्यावंसं वाटे. शनिवारी लावलं. शेवटी आई थपकन डास मारते आणि घर आनंदानं नाचतं. बेकरीवाल्याच्या मुलानं असा हंबरडा फोडला! "त्याला का मारलं? त्याची अम्मा कुठंय?" सगळी पोरं रडायला लागली. अक्का आमच्याकडे वळून म्हणाल्या, "घ्या. डासाचं सुतक." जाहिरात मात्र तशीच गेली. देणाऱ्यांनी मुलांची तोंडं बघितली नव्हती, नुसता डास बघितला होता, आणि डास छानच झाला होता. तेव्हा मी हसले होते. आता देणाऱ्यांची तीच सवय आठवली की हसू येत नाही.

कारण कार्टून मुलाच्या आत कुठे जाऊन बसतं ते मला माहीत आहे. माझे वडील विजेच्या खांबावरून पडून गेले तेव्हा मी लहान होते, दुसरीत वगैरे. घर बायकांनी भरलेलं, सगळ्या मोठ्यानं रडत होत्या, आणि मला सांगितलं होतं, भावाला सांभाळ. मी भावाला सांभाळलं. रडायचं राहूनच गेलं. मग काही महिन्यांनी, रविवारी, शेजारच्या काकूंच्या घरी टीव्हीवर दोन कार्यक्रमांच्या मध्ये एक छोटं कार्टून लागलं. कुठल्या देशातलं, कुणी केलेलं, काही ठाऊक नाही. त्यात शब्द नव्हते. एक कासव आणि एक बदक यांची दोस्ती असते, थंडी पडते, बदकं उडून जातात. कासव तळ्याच्या काठापर्यंत चालत जातं, वर बघतं, आणि मग हळूहळू, फार हळू, डोकं आत ओढून घेतं. बस. एवढंच. आणि मी जी रडायला लागले! काकूंची मुलं हसायला लागली. काकू म्हणाल्या, "अगं येडे, कासव आहे ते, चित्र आहे!" कुणीतरी आईला बोलावलं. आईनं मला ओढत अंगणात आणलं, मला वाटलं आता मार बसणार. ती खाली बसली, मला पोटाशी धरलं, आणि आम्ही दोघी तिथे रडलो. वडील गेल्यावर पहिल्यांदाच, दोघी एकत्र.

आज माझी चाळिशी उलटलीय. कुणी गेलं, काही तुटलं, की मला आधी ते डोकं आत ओढणारं कासव आठवतं. ते हळू कसं केलं हेही आता मला कळतं, शेवटची चित्रं अगदी दाटीनं काढलेली होती. म्हणजे कुठल्यातरी लांबच्या देशात कुणीतरी माझ्यासारखंच टेबलावर वाकून ती मधली चित्रं काढत बसलं होतं, आणि त्यांच्यामुळे जिंतूरमधली एक पोरगी आपल्या बापासाठी रडली. त्या माणसाचे मी आभार कुणाकडे मानू? म्हणून मग काम नीट करते. आणि म्हणूनच कुणी म्हणालं की "मुलांना कशाला रडवायचं", तर माझं डोकं फिरतं.

आता मूळ गोष्टीकडे येते.

मुलांच्या वाहिनीसाठी एका चित्रपटाचं काम आमच्याकडे आलं. वीटभट्टीवरची गाढवं. ठिपक्या नावाचं एक शिंगरू आणि त्याची म्हातारी आजी. आजी काम करून दमून उभी राहिली की ठिपक्या तिच्या पाठीवर हनुवटी टेकवून झोपतो. पुढे एका सकाळी आजी उठत नाही. मग ठिपक्या हनुवटी टेकवायला जागा शोधत फिरतो. पोत्यावर टेकवतो, ते घसरतं. बकरीवर टेकवतो, ती चालायला लागते, इथे मुलं हसतात. शेवटी विटांचा एक ढीग सापडतो, बरोबर आजीच्या उंचीचा. तो तिथे हनुवटी टेकवतो आणि डोळे मिटतो. संपला सीन.

बाकीचा चित्रपट संगणकावरच्या बाहुल्यांचा होता. म्हणजे पात्राचे तुकडे करून सांधे लावलेले असतात, मान, पाय, शेपूट, आणि एका डब्यात तयार तोंडं भरून ठेवलेली असतात, हसरं, रागीट, घाबरलेलं. हवं ते उचलायचं आणि चेहऱ्यावर लावायचं. काम झटपट होतं. पण बाहुलीच्या मानेला वजन नसतं. म्हणून एवढा एकच सीन हातानं काढायचा हट्ट अक्कांनी धरला. मुख्य चित्रं त्यांची, मधली माझी.

वजन कळेना, म्हणून अक्कांनी बसवराजला पकडलं. बसवराज म्हणजे आमच्याकडे सगळी चित्रं एकत्र जुळवणारा, चिकोडीकडचा, कन्नड आणि मराठी एकाच वाक्यात बोलणारा माणूस. त्याला त्यांनी जमिनीवर रांगायला लावलं.

"बसवराज, स्वल्प खाली वाक. अजून. तू म्हातारं गाढव आहेस."

"अक्का, कंबर गेली माझी."

"मग बरोबर आहे, म्हाताऱ्या गाढवाची कंबर जातेच. सुनंदा, टेकव हनुवटी."

मी लाजत लाजत त्याच्या पाठीवर हनुवटी टेकवली. सगळं ऑफिस हसत होतं. पण त्यात मला कळलं की हनुवटी टेकली तरी मान लगेच सैल होत नाही. आधी खात्री करून घेते, खालचा हलणार नाही ना, आणि मगच सगळं वजन सोडते. ती खात्री करणारी चित्रं मी काढली. विटांच्या ढिगावर ठिपक्या तशीच खात्री करतो. विटा हलत नाहीत. माझ्या सगळ्या नोकरीत मला अभिमान वाटावा असं काय केलं विचाराल तर ती चार-पाच चित्रं.

शनिवारी लावलं. आम्ही पाठमोरे. बकरीला मुलं खदखदा हसली. विटांपाशी सगळी गप्प. बसवराजची सहा वर्षांची मुलगी सान्वी पुढे बसली होती. तिचे ओठ वाकडे झाले, तिनं फ्रॉकची कड तोंडात धरली, आणि मग ती रडायला लागली, आवाज न करता, लहान मुलं तशी रडत नाहीत. संपल्यावर म्हणाली, "परत लावा." परत लावलं. परत रडली.

बसवराज लालबुंद झाला. मुलीला कडेवर घेऊन माझ्यापुढे आला. "सुनंदाक्का, पोरीला रडवलासा की! हे काय कार्टून म्हणायचं?" मी घाबरले. तो तिला घेऊन सर्जापूर रोडला आपल्या घरी निघून गेला.

सोमवारी आला तो थेट आमच्या टेबलापाशी. उभाच राहिला. मग सांगितलं. त्याची आई त्याच्याकडेच राहायची, सान्वी तिच्याच अंगाखांद्यावर वाढली. आई आजारी पडून गावी गेली आणि तिथेच वारली. मुलीला त्यांनी सांगितलं होतं, अज्जी गावाला गेलीय, येईल. पोरगी विचारायची, हे टाळायचे. मग तिनं विचारणंच सोडलं होतं. आणि रविवारी सकाळी ती अज्जीच्या खुर्चीपाशी गेली, खुर्चीच्या हातावर हनुवटी टेकवली, आणि म्हणाली, "अप्पा, अज्जी पण येणार नाही ना?"

"मग?" अक्कांनी विचारलं.

"मग काय. न्हाई म्हटलं. येणार न्हाई. बायको माझ्यावर ओरडली, मग तीच रडायला लागली, मग सगळेच. आणि मग पोरीनं पोटभर डोसे खाल्ले अक्का, लई दिवसांनी." त्यानं नाक पुसलं. "मला आईसाठी रडायला टायमच मिळाला नव्हता."

मला वाटलं, झालं, कासवाचं देणं थोडंसं फिटलं. आणि त्याच आठवड्यात वाहिनीचा माणूस आला.

त्याचं नाव इथे केदार म्हणू. पुण्याचा, तरुण, अतिशय सभ्य. अक्कांशी इंग्रजीत, आमच्या स्टुडिओच्या मालकांशी हिंदीत, आणि मी मराठी म्हटल्यावर माझ्याशी मराठीत. म्हणाला, "ताई, काम सुपर्ब आहे. रिअली. फक्त तो डेथवाला पार्ट खूप हेवी जातोय. पेरेंट्स कम्प्लेंट करतात. आपल्याला पॉझिटिव्ह ठेवायचंय."

"म्हणजे काय करायचं?" अक्का.

"आजी मरत नाही. ती दुसऱ्या गावाला जाते, आणि एंडला परत येते. सिंपल. आणि त्या विटांच्या सीनमध्ये तो सॅड नको दिसायला. फक्त तिची आठवण काढतोय, हॅपी मेमरीज."

बसवराज कोपऱ्यात बसला होता. मी त्याच्याकडे बघितलं नाही, बघवलं नाही. त्यानं स्वतःच्या पोरीला सांगितलेलं खोटं हा माणूस आता घराघरांतल्या पोरांना सांगणार होता, संगीत लावून. आणि ज्या घरांत खरंच कुणी गेलंय तिथली पोरं शेवटपर्यंत बघत बसणार होती, दाराकडे.

मी सहसा मीटिंगमध्ये बोलत नाही. त्या दिवशी बोलले. "साहेब, आजी परत आली तर ज्याची आजी परत आली नाही त्या पोरानं काय समजायचं? त्याचंच काहीतरी चुकलं म्हणून आली नाही?"

केदार म्हणाला, "ताई, तुमचा पॉइंट मला कळतो. पण माझ्या हातात नाहीये."

हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय! कुणाच्याच हातात नसतं. मग ते असतं कुणाच्या हातात? पात्राच्या एकेका बोटाचा हिशेब आम्ही ठेवतो, आणि हा एवढा मोठा निर्णय म्हणे कुणाच्याच हातात नाही.

नव्यानं सीन काढायला वेळ नव्हता. मालकांनी मला बोलावलं. "चित्रं तीच राहू दे. फक्त बाहुलीच्या डब्यातलं हसरं तोंड त्यावर लाव."

मी म्हटलं, "मला येत नाही."

"येत नाही की करायचं नाही?"

"येत नाही." हे खोटं नव्हतं. ती मान झुकलीय, पाठ खचलीय, पाय लुळे पडलेत, हे मी अंगानं काढलेलं होतं. त्यावर हसू लावायला माझा हात चालला नसता. दुसऱ्या कुणीतरी पाच मिनिटांत लावलं. आमच्या धंद्यातच अशी चूक होऊ शकते. अंग एक बोलतंय आणि तोंड दुसरंच, आणि प्रत्येक तुकडा वेगळा तपासला तर सगळं बरोबर.

अक्का शांतपणे म्हणाल्या, "सरी. शनिवारी मुलांना दाखवू. केदारनंही यावं."

केदार आला. अक्कांनी त्यालाही पाठमोरं बसवलं. "पडदा नंतर बघ. आधी तोंडं बघ." तो अवघडून बसला. आजी गावाला जाते, पोरं चुळबुळत होती. बकरीला हसली. मग विटा. ठिपक्या हनुवटी टेकवतो आणि हसतो. दात दाखवून. पोरांच्या तोंडांवर काय आलं सांगू? काही नाही. ती एकमेकांकडे बघायला लागली. वॉचमनच्या मुलानं हळूच विचारलं, "आजी गेली म्हणून त्याला मजा वाटतेय?" आणि सान्वी उठून उभी राहिली आणि बापाला म्हणाली, "अप्पा, हे त्याचं तोंड नाही. कुणी लावलं?"

केदार मुलांकडेच बघत होता. त्याचा चेहरा मी बघितला, त्याला कळलं होतं. कळलं नसतं तर मला इतका राग आला नसता. जाताना म्हणाला, "मी वर बोलतो, ताई. नक्की बोलतो." बोललाही असेल. दोन दिवसांनी त्याचा निरोप आला, आहे तसं पुढे पाठवा, सगळ्यांना आवडलंय.

अक्कांनी मालकांना सांगितलं, पाठवणार असाल तर मी नाही. मालकांना वाटलं धमकी आहे. धमकी नव्हती. त्यांनी टेबलाचा खण रिकामा केला, पेन्सिली माझ्याकडे दिल्या, आणि मी उठून त्यांच्यामागे निघाले तर वळून माझ्यावरच खेकसल्या, "तू कुठे? बस खाली! तुझ्या नवऱ्याची कंपनी बंद पडलीय, मुलगी कॉलेजात आहे. आणि आपण दोघी गेलो तर पुढच्या सीनसाठी इथे 'येत नाही' म्हणायला कोण राहील?" मी बसले. कृतज्ञतेची ही अशी तऱ्हा असते, उठता येत नाही.

चित्रपट लागला. लोकांना आवडला, हे मी खोटं कशाला सांगू. आमच्या मजल्यावरच्या बाई लिफ्टमध्ये म्हणाल्या, "किती गोड आहे हो, शेवटी आजी परत येते तेव्हा आमचा पिंटू टाळ्या वाजवतो." मी म्हटलं, "त्याला विटांचा सीन आवडला?" "कुठला?" त्यांना आठवेना. मुलगा मात्र त्यांचा हात धरून उभा होता, तो म्हणाला, "तिथे मी डोळे झाकतो." का रे, विचारलं तर म्हणाला, "ते गाढव भीतीचं आहे." बाई हसल्या. लिफ्ट थांबली. मी घरी जाऊन भांडी अशी घासली की मुलगी म्हणाली, "आई, भांड्यांनी काय केलंय?"

दुःखाला घाबरू नयेत म्हणून ज्या पोरांना दुःख दाखवायचं नाही, ती आता हसणाऱ्या शिंगराला घाबरतात. आणि मोठे सांगतात, आमची मुलं कार्टून बघताना कधी रडत नाहीत. अहो, तुम्ही स्वतः आठवा. लहानपणी बघितलेलं काय तुमच्याबरोबर इथवर आलं? नाचगाणी आली का? माझ्याबरोबर तरी कासव आलं. बसवराजच्या पोरीबरोबर विटांचा ढीग जाईल, तिनं खरा सीन दोनदा बघितलाय. बाकीच्यांबरोबर काय जाणार ते मला सांगा.

तो खरा सीन आता कुठेच नाही. करारानं सगळं वाहिनीचं, आम्हाला एक चित्रही बाहेर नेता येत नाही. पुन्हा तोच काढणंही करारात बसत नाही. अक्कांना मी हे रडत सांगितलं तेव्हा त्या यशवंतपूरच्या घरी खिडकीपाशी बसून डोळ्यांत औषध घालत होत्या. काचबिंदू झालाय. डॉक्टरांनी सांगितलंय, गेलेली नजर परत येत नाही, आहे ती जपायची. त्या म्हणाल्या, "ठिपक्या त्यांना राहू दे. मेलेली म्हातारी काय एकच असते का? दुसरी काढ."

"पण अक्का, देणार कोण काम?"

"मी दिलं," त्या म्हणाल्या आणि डोळे मिटून थेंब मुरवत बसल्या.

तर अक्का, तुम्ही हा अंक कुणाकडून तरी वाचून घ्याल, म्हणून इथेच सांगते. रविवारी मी आणि बसवराज कामाला बसतो. त्याच्या घरी, जेवणाच्या टेबलावर. छोटंसंच होणार आहे, शब्द नसतील. कुठल्याही वाहिनीला विचारणार नाही. त्यात एक म्हातारी मरते आणि मेलेलीच राहते, आणि पोर त्यातून पुढे जातं. कधी पुरं होईल सांगता येत नाही, माझा हात पूर्वीसारखा भरभर चालत नाही, आणि मला सगळ्याचीच भीती वाटते हे तुम्हाला माहीत आहे. पण ते तुमच्या दिसत्या डोळ्यांसमोर लावीन. तुम्ही थेंब नियमित घाला, बाकीचं मी बघते.